आधी स्लॅब, मग शोकेस

नगरहून जामखेडच्या रस्त्याने निघालं की आष्टीच्या अलीकडे कडा लागतं. कडी नदीकाठचं हे बाजाराचं गाव. बाजार समितीतले लिलाव, आसपासच्या वाड्या-वस्त्यांची खरेदी आणि शाळा-कॉलेजची पोरं यामुळे इथे कायम वर्दळ. सप्टेंबर २०२२ मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन मिळालं आणि १७ सप्टेंबर २०२५ ला हाच मार्ग बीडपर्यंत पोचला. रस्ता आणि रेल्वे दोन्ही असलेल्या गावात बांधकामं निघणारच. पूर्वी घर बांधताना सिमेंट-सळईपुरतीच चौकशी व्हायची. आता टाइल्स कोणत्या, पीओपी कसं, किचन मॉड्युलर की साधं, यावर घराघरांत रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते.

या चर्चेत हमखास एक मोबाईल निघतो. त्यात पुण्या-मुंबईच्या फ्लॅटचे फोटो असतात. गवंड्याला आणि सुताराला तेच दाखवून सांगितलं जातं, ‘असंच पाहिजे.’ हौस रास्त आहे. जन्मभराची कमाई घरात घालणाऱ्याने घर देखणं मागू नये, असं कोण म्हणेल? पण त्या फोटोतल्या फ्लॅटच्या डोक्यावर दुसऱ्याचा फ्लॅट असतो. कड्यातल्या घराच्या डोक्यावर थेट वैशाखाचं ऊन असतं. फ्लॅटमध्ये ज्वारीची पोती येत नाहीत, लसणाच्या जुड्या टांगाव्या लागत नाहीत, टँकरचं पाणी साठवावं लागत नाही आणि हळदीला चाळीस माणसं एकदम जेवायला बसत नाहीत. तेव्हा आष्टी तालुक्यासारख्या कोरड्या, उन्हाच्या मुलखात देखणं आणि सोयीचं घर कशाने होतं, हा प्रश्न मुळापासून पाहायला हवा. आज आपण या घरांवर जो खर्च करतो त्याचा क्रम उलटा आहे, असं माझं मत आहे. त्याची कारणं एकेक करून मांडतो.

जुन्या घराने काय सोडवलं होतं

मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला किंवा चिपाडं आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर खणांत मोजायचं: अमक्याचं पाच खणांचं, तमक्याचं सात खणांचं. ऐपत असेल तर पुढे ढाळज, मग चौक, ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. ऐपत नसेल तर दोन खण आणि पुढे पडवी. लहान असो वा मोठं, दोन्हींची रीत एकच होती. परका माणूस कुठपर्यंत येणार, घरातल्या बायका कुठे मोकळेपणाने बसणार, धान्य कुठे राहणार, हे भिंती घालतानाच ठरायचं.

त्या घरातली एक गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. स्वयंपाकघराच्या छताला एक भोक ठेवलेलं असे. त्याला सवणं म्हणत. पावसाळ्यात त्यावर झाकण पडे, एरवी ते उघडं. चुलीचा धूर आणि दिवसभराची गरम हवा तिथून वर निघून जाई आणि दाराकडची गार हवा आत ओढली जाई. त्याच भोकातून उन्हाचा एक कवडसा जमिनीवर पडे आणि त्याच्या जागेवरून बायका वेळ ओळखत. म्हणजे धुराडं, पंखा आणि घड्याळ अशी तिन्ही कामं एका भोकाने केली. चार्ल्स कोरिया यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत जे अरुंद, लांबट ‘ट्यूब हाउस’ बांधलं, तेही याच तत्त्वावर उभं होतं. उतरत्या छपराखालून गरम हवा वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते. नामवंत वास्तुरचनाकाराने जे नकाशावर आखलं, ते आपल्याकडच्या गवंड्यांच्या हातात आधीपासून होतं.

दुसरी गोष्ट भिंतीची. अडीच फुटी भिंत नुसती भिंत नव्हती, ते घरातलं फर्निचर होतं. तिच्या पोटात दिव्याची देवळी, भांड्यांचं फडताळ, कागदपत्रांचा कोनाडा, कुठे धान्याचं बळददेखील असे. तिच्यातून खुंट्या निघत. वर दांडी टांगून वाकळा आणि लुगडी टाकली जात. त्यामुळे खोलीची जमीन मोकळी राही. दिवसा तिथे बसायचं, जेवायचं, निवडायचं, आणि रात्री अंथरुणं टाकली की तीच झोपायची खोली. आज भिंत चार किंवा सहा इंचांची झाली. फडताळ तिच्यात मावेना, म्हणून ते कपाट होऊन खोलीत आलं. पाठोपाठ दिवाण, शोकेस, सोफा आणि ड्रेसिंग टेबल. खोली तेवढीच राहिली, चालायची जागा मात्र गेली. लहान घर ‘भरल्यासारखं’ वाटतं त्याचं मूळ कारण हे आहे.

माळवदाचं गुणगान जपून

यावरून ‘जुनं ते सोनं’ असा निष्कर्ष काढायची घाई नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे १० हजार माणसं गेली. झोपेतल्या माणसांवर जे कोसळलं ते हेच छत होतं. वर्षानुवर्षं पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडत गेला, छताचं ओझं वाढत गेलं आणि खालच्या गोल दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंतींना तो हादरा सोसला नाही. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाखाली झोपायची भीती बसली ती बसलीच. लोक पत्र्याकडे वळले, आणि पैसे आले तसे स्लॅबकडे. शिवाय माळवदाला दरवर्षी पांढरी माती लागते, ती आणणारी आणि चोपणारी माणसं लागतात, चांगलं लाकूड लागतं. ही तिन्ही आता महाग आहेत. गळकं माळवद हे कुणालाच नको असलेलं दुखणं आहे.

जुन्या वाड्यांचे नक्षीदार खांब आणि दरवाजे सध्या शहरातल्या हॉटेलांत, फार्महाऊसवर जाऊन बसतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की जुन्या घरांतले दरवाजे, दिवे, भांडी आणि अडकित्ते किती निगुतीने घडवलेले होते ते कळतं. पण घराला संग्रहालय करायचं नसतं. माळवदाची माती सोडून द्यावी. हवा वर जाण्याची वाट, दारापुढची सावली आणि भिंतीतली साठवण या तीन गोष्टी मात्र स्लॅबच्या घरातही आणता येतात, आणि त्यांना फार पैसे पडत नाहीत.

बैठकीची खोली

आता नव्या घराकडे वळू. सगळ्यात जास्त पैसा बैठकीच्या खोलीवर जातो, कारण पाहुणा तिथे बसतो. ठरलेलं चित्र असं: दहा बाय बाराची खोली, छताला पीओपीचं फॉल्स सीलिंग, त्याच्या खाचेत निळी-जांभळी एलईडी पट्टी, टीव्हीमागे गडद रंगाचं पॅनेल, काचेच्या शोकेसमध्ये बाहुल्या आणि पोराच्या ट्रॉफ्या, आणि तीन-एक-एकचा जाडजूड सोफा.

पीओपी वाईट नाही. स्लॅब आणि सीलिंग यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, तो थोडी उष्णता अडवतो. पण स्लॅबची उंची दहा फूट असेल तरच हे झेपतं. नऊ-सव्वानऊ फुटांच्या खोलीत सीलिंग आणखी सात-आठ इंच खाली आलं की पंखा डोक्यावर येतो आणि खोली कोंदट होते. राहण्याच्या खोलीला पावणेतीन मीटर, म्हणजे नऊ फूट उंची हवी, हा राष्ट्रीय इमारत संहितेचा किमान दंडक आहे. शिवाय ज्या गावात उन्हाळाभर फुफाटा उडतो, तिथे पीओपीच्या प्रत्येक खाचेत धूळ बसणार. ती शिडीवर चढून पुसायची कुणी, हे सीलिंग करण्याआधीच ठरवलेलं बरं. तीच गत शोकेसची. काचेआडच्या बाहुल्या वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईलाच हातात येतात.

सोफ्याबद्दल तर उघडच बोलायला हवं. ग्रामीण घरातली बैठक खालची असते. चार पाहुणे आले तर सोफा पुरतो, पंधरा आले तर तो अडचण होतो. त्यापेक्षा भिंतीलगत सिमेंटचा किंवा लाकडाचा सोळा-सतरा इंच उंचीचा बसका कट्टा करावा. पोटात पेटारे, वर गादी, तक्के आणि घरच्या वाकळेची खोळ. बसायला, झोपायला आणि ठेवायला एकच जागा. दुपारी आजी तिथेच कलंडते, सणाला पोरांच्या जेवणाची पंगत त्याच्यासमोर बसते. जुन्या काळी लोड-तक्क्यांची बैठक जी करायची, तेच हे, फक्त पोटात कप्पा घेऊन. वाकळेचं रंगीत जोडकाम भिंतीवर ताणून लावलं तरी विकतच्या चित्रापेक्षा उजवं दिसतं, आणि ते या मातीतलं असतं.

ऊन आणि हवा

घर देखणं आहे की नाही हे दिवाळीत कळतं. घर चांगलं आहे की नाही हे मेमध्ये कळतं. बीड जिल्ह्यात उन्हाळ्याचा पारा चाळिशी ओलांडतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि घेतलेली उष्णता संध्याकाळनंतर आत सोडायला लागतो. रात्री दहाला अंगणात गार वारा असतो आणि आत पंखा गरम हवा फेकत असतो, त्याचं कारण हे. एकदा आत शिरलेल्या उष्णतेवर आतून कितीही सजावट केली तरी उपयोग कमी. तिला वरच अडवावं लागतं.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा लेप. चुन्यात चिकटद्रव्य मिसळून द्या किंवा बाजारातला उष्णता परतवणारा पांढरा रंग द्या. ऊन परत गेलं की स्लॅब कमी तापतो. मे २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करण्याचा कार्यक्रम त्याला जोडला. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. आपल्याकडे हे काम सरकारी कागदाची वाट न पाहता घरचा माणूस एका रविवारी करू शकतो. नवा स्लॅब असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर पांढऱ्या फुटक्या टाइल्स बसवाव्यात. गळतीही थांबते आणि ऊनही परततं. पत्र्याच्या घरात पत्र्याखाली बांबूच्या चटईचं किंवा थर्माकोलच्या जाड शीटचं अस्तर लावावं आणि अस्तर व पत्रा यांच्यामध्ये हवा खेळायला दोन्ही टोकं उघडी ठेवावीत. थर्माकोल लवकर पेटतो, म्हणून चुलीच्या किंवा गॅसच्या वर मात्र तो नको.

दुसरा मुद्दा खिडकीचा. उष्ण-कोरड्या हवामानात खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश असावं, असा संहितेचा नियम आहे. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीला बारा चौरस फूट, चार बाय तीनची एक खिडकी. पण एकाच भिंतीला दोन खिडक्या ठेवल्या तर वारा येत नाही. समोरासमोर किंवा निदान लगतच्या भिंतीत हव्यात, आणि त्यांतली एक वरच्या अंगाला. लिंटेलच्या वर जाळीचा झरोका ठेवणं हीच सवण्याची आजची आवृत्ती. काचेची सरकती खिडकी दिसायला छान, पण ती निम्मीच उघडते. दोन फळ्यांची लाकडी किंवा लोखंडी खिडकी पुरती उघडते.

तिसरा मुद्दा पश्चिमेचा. दुपारनंतरचं ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आदळतं. झोपायची खोली तिकडे ठेवू नये. जिना, न्हाणीघर, सामानाची खोली पश्चिमेला टाकली की त्याच भिंती आतल्या खोल्यांची ढाल होतात. आग्नेयेला स्वयंपाकघर हे वास्तुशास्त्राचं सांगणंही इथे सोयीचंच पडतं, कारण पश्चिमेच्या वाऱ्यात फोडणीचा धूर घरात न शिरता बाहेर जातो. दाराबाहेर दीड-दोन फुटांचा छज्जा आणि पश्चिमेला एखादा कडुनिंब असेल, तर एसीचा विचारही पुढे ढकलता येतो.

ओटा

स्वयंपाकघरावर चर्चा होते ती ट्रॉल्यांच्या रंगावर. खरी चर्चा व्हायला हवी ती ओट्याच्या उंचीवर. १९२६ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं: साधारण १.९ बाय ३.४ मीटर. बाई किती पावलं चालते, हात कुठपर्यंत पोचतो, याची मोजदाद करून एकेक कप्पा ठरवला. तसली सुमारे १० हजार स्वयंपाकघरं बांधली गेली, आणि आजच्या मॉड्युलर किचनची मूळपुरुष, खरं तर मूळस्त्री, तीच. तिचा धडा रंगाचा नव्हता, पावलं वाचवण्याचा होता.

आपल्याकडे ओटा गवंड्याच्या अंदाजाने पडतो. उभं राहून कोपर दुमडावं, कोपराच्या साधारण चार इंच खाली ओट्याचा माथा यावा, हे सोपं माप. घरातल्या ज्या बाईला रोज तिथे उभं राहायचं आहे तिला बांधकामावर बोलावून हे माप घ्यावं. पण या भागात आणखी एक गोष्ट असते, जी कुठल्याही कॅटलॉगमध्ये सापडत नाही: भाकरी. भाकरी थापताना अंगाचा भार तळहातावर यावा लागतो. नेहमीच्या उंचीच्या ओट्यावर खांदे वर होतात आणि थोड्याच वेळात पाठ बोलायला लागते. म्हणून पुष्कळ बायका नवा ओटा असूनही खाली बसूनच काठवट घेतात. ओट्याचा दोन फुटांचा एक भाग पाच-सहा इंच खाली घेतला तर हा प्रश्न सुटतो. तिथेच कणीक मळता येते, पाटा-वरवंट्याचं कामही होतं.

उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये सुरू झाली, गॅस घरोघरी पोचला, तरी चूल गेली नाही. आंघोळीचं पाणी, सणाच्या पुरणाचं पातेलं, कधी बाजरीच्या भाकरी चुलीवरच होतात. ती लपवण्यात अर्थ नाही. मागच्या पडवीत छपराखाली आवलाच्या चुलीची नीट जागा करावी, बाजूला सरपणाचा कप्पा ठेवावा. आतला ओटा मग काळा पडत नाही. आत गॅसच्या वरच्या अंगाला साधा एक्झॉस्ट पंखा पुरतो.

ट्रॉल्यांविषयी एक व्यवहारी गोष्ट. सिंकखाली आणि ओट्याखाली ओल असतेच. पार्टिकल बोर्डाचे खण एक-दोन पावसाळ्यांत फुगतात, बिजागऱ्या सुटतात. लाकडीच हवं असेल तर प्लायवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का पाहून घ्यावा. तो पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा. ‘आयएस ३०३’ मध्ये साधा प्लायही येतो, तो खोलीतल्या कपाटाला ठीक. सर्वांत टिकाऊ मात्र जुनाच प्रकार: कडप्प्याचे कप्पे, त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या आणि पुढे ॲल्युमिनियमची दारं. वाळवी लागत नाही, उंदीर कुरतडत नाहीत, धुवून काढता येतं.

पाणी

आष्टी तालुक्याला दुष्काळ नवा नाही. १९७२ आजोबांच्या तोंडी आहे, २०१२-१३ आणि २०१५-१६ तर कालपरवाचेच. त्यामुळे पाण्याची साठवण ही इथल्या घराच्या आराखड्यातली पहिली खोली मानली पाहिजे. जमिनीखालचा हौद पडवीखाली किंवा पार्किंगखाली घ्यावा, तोंड कुलपाचं असावं. पावसाचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पंचवीस चौरस मीटरच्या लहान छतावर वर्षात ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेबारा हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दहा हजार लिटर हौदात पडतात. पन्हळ आणि गाळणीचा खर्च एका सोफ्यापेक्षा खूपच कमी आहे.

बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर चकचकीत काळा ग्रॅनाइट आणि आरशासारखे नळ घेऊ नयेत. पांढरे डाग महिनाभरात बसतात आणि मग ॲसिडने घासावे लागतात. करड्या, फिक्या, खरखरीत पृष्ठभागावर डाग दिसत नाहीत. न्हाणीघरात टाइल घसरणारी नको, म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीत एक धरायचा दांडा हवा. कपडे आणि भांडी धुतलेलं पाणी वेगळ्या नळीने मागच्या परसात काढलं तर शेवगा, कढीपत्ता आणि चार झेंडूची झाडं त्यावर जगतात.

पोती, पेट्या आणि कुलूप

शहरी सजावटीत ‘स्टोरेज’ म्हणजे कपडे आणि खेळणी. इथे साठवण म्हणजे वर्षाची ज्वारी-बाजरी, तुरीची डाळ, बियाण्याच्या पिशव्या, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्या. यासाठी जागा ठेवली नाही की पोती बैठकीत येतात आणि टीव्हीमागच्या गडद पॅनेलला टेकून उभी राहतात. पश्चिमेच्या भिंतीलगत पाच फूट रुंदीची एक पट्टीवजा खोली पुरते. जमिनीपासून सहा इंच उंच कट्टा, त्यावर पत्र्याच्या कोठ्या, वर दोन फडताळं, उंदीर येऊ नये म्हणून जाळीची खिडकी. कीटकनाशकं मात्र घरात नकोतच. त्यांना बाहेर, कुलपाच्या पेटीत जागा द्यावी.

बीड जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोपीत राहायचं आणि गावातलं घर पाच-सहा महिने कुलपात, किंवा म्हाताऱ्या आई-वडिलांच्या आणि शिकणाऱ्या पोरांच्या भरवशावर. अशा घराचं इंटेरियर कुणी मनात घेत नाही, पण त्यालाही विचार लागतो. बंद घरात लाकडी वस्तू वाळवी खाते, गाद्या उंदीर पोखरतात. तिथे लोखंडी पलंग, पत्र्याच्या पेट्या, भिंतीतले सिमेंटचे कप्पे आणि हवा खेळवणारा जाळीचा झरोका हेच खरं फर्निचर. मागे राहणाऱ्या पोरासाठी खिडकीपाशी, नीट उजेड येईल अशा जागी, अभ्यासाची भिंतीला जोडलेली फळी असावी. दोन कोन आणि एक फळी, एवढाच खर्च.

फरशी आणि रंग

जमीन शेणाने सारवायची, मग शहाबादी आली, मग मोझॅक, आता दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड. शहाबादी अजूनही उन्हाळ्यात पायाला गार लागते, तुटली तर एकच फरशी बदलता येते आणि पॉलिश केली की दिसतेही छान. पांढऱ्याशुभ्र टाइल्सवर काळ्या मातीचं प्रत्येक पाऊल उमटतं, आणि ती पुसणारी बाई दिवसातून तीनदा वाकते. मातकट, राखाडी रंग घ्यावा. पडवीत आणि मागच्या दारी खरखरीत फरशी किंवा कोबाच बरा.

रंगात फार सांगण्यासारखं नाही. आतून फिका, बाहेरून त्याहून फिका. गडद रंगाची हौस असेल तर ती एका भिंतीवर भागवावी, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर अजिबात नको. परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेपासून केलेल्या विटा चांगल्या सरळ आणि एकसारख्या असतात. त्या काही भिंतींना प्लास्टर न करता नुसत्या दरजा भरून ठेवल्या तर रंग, पुट्टी आणि दर काही वर्षांचा खर्च वाचतो. केरळात लॉरी बेकर यांनी उघड्या विटांच्या भिंतींनी अत्यंत साधी आणि सुंदर घरं बांधली. आपल्याकडे मात्र प्लास्टर नसलेली भिंत म्हणजे पैसे संपले, असं समजलं जातं.

२६९ चौरस फुटांत

या चर्चेत घरकुल बहुधा येतच नाही, आणि गावागावांत नवं घर म्हणजे बहुतेक वेळा घरकुलच. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची सुरुवात नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली. स्वयंपाकाच्या जागेसह निदान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचं घर आणि मैदानी भागात १ लाख २० हजारांचं अनुदान. शौचालयासाठी आणि रोजगार हमीतून मजुरीसाठी वेगळी मदत. रमाई, शबरी अशा राज्याच्या योजनाही आहेत. एवढ्या जागेत तीन खोल्या पाडायच्या हट्टाने तीन कोंदट पेट्या होतात. एक मोठी खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढे पडवी अशी मांडणी जास्त कामाची. मोरीच्या आणि दारांच्या वरती सात फुटांवर माळा टाकावा. आतल्या दारांना पल्ल्याऐवजी सरकतं दार किंवा जाड पडदा लावला तर दार उघडायची जागा वाचते.

मुख्य म्हणजे घर वाढणार हे धरून बांधावं. नवी मुंबईत बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये १९८० च्या दशकात कोरिया यांनी घरं अशी रचली की कुणाच्या भिंती कुणाला लागून नव्हत्या, त्यामुळे प्रत्येकाला आपलं घर पुढे वाढवता आलं. घरकुलातही जिन्याची जागा आधीच आखून ठेवावी, पुढच्या खोलीच्या बाजूला खिडकी अशी ठेवावी की उद्या तिचं दार करता येईल. पाया वरच्या मजल्याचा भार धरून घालावा. पुढे मुलगा कमवायला लागतो, सून येते, आणि भिंत फोडायचा खर्च वाचतो.

ठरवतं कोण

शेवटी हा प्रश्न शैलीचा कमी आणि अधिकाराचा जास्त आहे. घराचा नकाशा बाप, मुलगा आणि मिस्त्री ठरवतात. त्या घरात दिवसाचे चौदा तास काढणाऱ्या बाईला विचारलं जातं ते पडद्यांच्या रंगाबद्दल. तिला ओट्याची उंची, धुण्याची जागा, धान्याची खोली आणि न्हाणीघराच्या दाराची दिशा याबद्दल आधी विचारलं, तर अर्धं इंटेरियर आपोआप होतं. वस्तू जागच्या जागी असल्या आणि हात लांब न करता सापडल्या की घर नीटनेटकं दिसतं. पितळेचे घडे, मांडणीवरचे डबे आणि खुंटीवरची टोपली ही रोजच्या वापरातली भांडी नीट मांडली की त्यासारखी दुसरी शोभा नाही.

घर बांधायला काढणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे. खर्चाची यादी वरून खाली लिहा. पहिल्यांदा गच्चीचा पांढरा थर आणि गळतीबंदी, मग समोरासमोरच्या खिडक्या व झरोके, मग पाण्याचा हौद, मग घरच्या बाईच्या मापाचा ओटा, मग धान्याची खोली आणि भिंतीतले कप्पे. त्यानंतर फरशी, त्यानंतर रंग. पीओपी, पॅनेल आणि शोकेस यांचा नंबर सगळ्यात शेवटी. पैसे उरले तर त्याच वर्षी करा, नाहीतर दोन दिवाळ्या थांबा. शोकेस नंतर कधीही बसवता येते, हुकलेली खिडकी मात्र भिंत फोडल्याशिवाय येत नाही.